कनकासव घेतलं होतं म्हणून पायलट सुटतो का?

मी वकील, कुडाळच्या एका फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, विचारलंय. शिमग्याला घरी आले होते, रात्री आठपर्यंत काजूची फेणी झाली, सकाळी खोकला होता म्हणून आत्याने चार चमचे कनकासव, म्हणजे खोकल्याचं आयुर्वेदिक औषध, पाजलं, आणि गोव्यातल्या मोपा विमानतळावर साडेआठला ब्रेथ अ‍ॅनालायझर टेस्टमध्ये आधी ०.०१४, वीस मिनिटांनी ०.०११ रीडिंग आलं. कंपनीने लगेच ड्युटीवरून उतरवलं, आता डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेची, नोटीस आलीय. १२ तास उलटून गेलेले, शिवाय औषध घेतलेलं, मग सुटता येईल का?

तुमचे मामा म्हणाले म्हणे, "गाडयेक तीस चलता, मगे इमानाक कित्याक नाय?" मामांना सांगा, ते शंभर मिलिलिटर रक्तातलं तीस मिलिग्रॅम अल्कोहोल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधलं, रस्त्यावरचं. विमानाला वेगळा नियम, एअरक्राफ्ट रूल्स १९३७ मधला नियम २४, आणि त्यावर डीजीसीएचा सीएआर, म्हणजे तिची सविस्तर नियमावली. तिथे १२ तास आधीपासून दारू नाहीच, पण एवढ्यावर भागत नाही, टेस्टला रीडिंग शून्यच यायला हवं. म्हणजे बारा तास पाळले तरी पॉझिटिव्ह आलात तर पॉझिटिव्हच.

आता कनकासव. औषधाचं कारण पुढे करायची चूक लोक हमखास करतात आणि तुम्हीही नोटिशीच्या उत्तरात पहिलं तेच लिहिणार होतात. लिहू नका. २०२३ पासून सीएआरमध्ये स्पष्टच आहे की अल्कोहोल असलेलं औषध, माउथवॉश, टूथ जेल क्रूने वापरायचंच नाही. आसव-अरिष्टात तर आंबवतानाच अल्कोहोल तयार होतं. म्हणजे तुमचा बचाव हाच तुमचा कबुलीजबाब होईल! वर तोंडातला अंश चूळ भरून १५-२० मिनिटांत जातो, दुसरी टेस्ट थांबून घेतात ती त्याचसाठी, आणि तुमचं दुसरं रीडिंग शून्यावर आलेलं नाही. चार चमच्यांनी ०.०११ येतं हे मला कोणी पटवू शकणार नाही, अधिकाऱ्याला तर नाहीच.

आणि कणकवलीच्या ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या तारखेचं सर्टिफिकेट आणायचं डोक्यातून काढून टाका. आत्ता विषय तीन महिन्यांच्या सस्पेन्शनचा आहे, खोटा कागद लावलात तर फौजदारी गुन्हा अंगावर येईल आणि डॉक्टरही अडकेल.

लढायचं तर प्रक्रियेवर लढा. मशीनचं कॅलिब्रेशन मुदतीत होतं का, दुसऱ्या टेस्टआधी मशीन तपासायला कंट्रोल टेस्ट घेतली का, साक्षीदार कोण होता, दोन्ही प्रिंटआउटवर वेळ काय छापलीय आणि त्यात खरंच पंधरा मिनिटांचं तरी अंतर आहे का, टेस्टचं कॅमेरा रेकॉर्डिंग कुठंय. हे सगळं आजच ईमेल करून कंपनीकडे मागा, रेकॉर्डिंग काही कायम ठेवत नाहीत, उद्या पुसलं गेलं की गेलं. यात खरंच भोक सापडलं तर उत्तरात दम येतो, नाहीतर उगाच मशीनवर आरोप करून अधिकाऱ्याला चिडवू नका.

सापडलं नाही तर पहिल्या वेळेला लायसन्स तीन महिने सस्पेंड होतं. दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. म्हणून हे 'पहिलं' कागदावर कसं नोंदवलं जातंय ते महत्त्वाचं. टेस्ट टाळणं किंवा तिथून निघून जाणं हेही पॉझिटिव्हसारखंच धरतात, तुम्ही ते केलं नाहीत, हे उत्तरात जरूर लिहा. सस्पेन्शनआधी म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे, सुनावणी लेखी मागा, आदेश आला की अपील करता येतं.

हायकोर्टाचं विचारलंत. तुम्ही सिंधुदुर्गातले म्हणून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच आठवलं असेल, पण घर कुठे यापेक्षा घटना कुठे घडली ते बघतात, आणि टेस्ट मोपाला झालीय म्हणजे गोवा खंडपीठ. अर्थात अपील सोडून थेट तिथे गेलात तर आधी अपील करा म्हणून परत पाठवायची शक्यता जास्त.

कंपनीच्या एचआरने 'माफीनामा द्या, मिटवतो' म्हटलंय तिथे सही करू नका. नोकरीचा विषय डीजीसीएपेक्षा वेगळा आहे, तो करार आणि नेमणूक पत्र बघितल्याशिवाय मला बोलता येणार नाही, दोन्ही स्कॅन करून पाठवा, नोटिशीवरची उत्तराची तारीख मात्र आधी कळवा.