बॉयलरचं पाणी जायचं कुठे?

इंग्लंडमध्ये लीड्सला पहाटे घर तापवणारा गॅसचा बॉयलर बंद पडला. आतून गुडगुड आवाज येतो, रीसेट केला की मिनिटभर चालतो आणि परत बंद. मेकॅनिक दोन दिवसांनी येणार आहे. तोवर काय करू?

स्वेटर चढवा आणि बाहेरची भिंत बघा. बॉयलरमागून एक बारीक प्लास्टिकची नळी निघून मोरीच्या जाळीपर्यंत आलेली दिसेल. ती गोठली असणार. कंडेन्सिंग बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिची उष्णता वापरतो, त्याचं पाणी याच नळीने थेंबथेंब जातं. वाट तुंबली की पाणी मागे साचतं आणि बॉयलर स्वतःला बंद करतो. 2010 च्या डिसेंबरात ब्रिटनभर हेच झालं होतं.

केटलमध्ये पाणी तापवा, पण उकळतं ओतू नका, प्लास्टिक तडकतं. जरा निवलं की झारीने नळीवर ओता. बर्फ बहुधा एल्बोपाशी, म्हणजे नळीच्या वळणापाशी, किंवा अगदी टोकाला धरतो, म्हणून तिथे जास्त. गरम पाण्याची पिशवी नळीला बांधून ठेवली तरी चालतं, वेळ लागतो इतकंच. मग रीसेट करा. सांडलेलं पाणी पायरीवर गोठतं, तेवढं जपा. नळी पहिल्या मजल्यावर असेल तर शिडीचा नाद सोडा, मेकॅनिकची वाट बघा. बॉयलरचं झाकण मात्र उघडायचं नाही, ते गॅस सेफ, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांची ब्रिटनमधली अधिकृत नोंदणी, असलेल्याचं काम.

प्लंबर म्हणतो नळीला फोम गुंडाळू, पुरे होईल. होईल का?

माझ्या मते ही अर्धवट मलमपट्टी. जुन्या घरांत 21.5 मिमीची नळी बाहेरून फिरवलेली असते, तिथेच खरी खोट आहे. शक्य असेल तर नळी घरातल्या घरातच किचन सिंकच्या किंवा संडासाच्या सांडपाण्याच्या पाइपला जोडून घ्या. बाहेर काढावीच लागली तर आतला व्यास किमान 30 मिमी, लांबी 3 मीटरच्या आत, मीटरमागे 45 मिमी उतार आणि एल्बो जमतील तितके कमी. फोम त्यानंतर, तोही पावसात टिकणारा.

स्लाऊला मुलाकडे आले आहे. पुण्यात आम्ही एसीचं पाणी झाडांना घालतो. इथे नळीखाली बादली लावली तर?

काकू, काटकसर पटते, पण हे पाणी वेगळं. एसीचं पाणी हवेतल्या बाष्पाचं. हे गॅसच्या धुरातलं, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं विरघळलेली. पीएच साधारण 3 ते 4, म्हणजे जवळपास संत्र्याच्या रसाइतकं आंबट. तुळशीला नको, इन्व्हर्टरच्या बॅटरीत तर नकोच. हाताला लागलं तर धुवून टाका, घाबरण्यासारखं काही नाही. नळीचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडालं तर बर्फ धरायला आणखी एक जागा मिळते, म्हणून बादली काढाच.

तांब्याचा पाइप उरलाय, तो वापरू? आणि पाणी बागेत सोडलं तर?

तांबं नाही, हे आंबट पाणी ते खातं. प्लास्टिकच हवं. जवळ ड्रेनेज नसेल तर बागेत चुनखडीचे तुकडे भरलेला शोषखड्डा करतात, चुन्याने आम्ल मरतं. पावसाच्या पाण्याच्या पाइपात सोडण्याआधी तो पाइप कुठे जातो ते बघा. ओढ्यात जात असेल तर तिथे सोडायचं नाही.