धाप आणि ठेका

सोलापूर

सप्रेम आशीर्वाद.

इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या श्वासावरचा तुझा लेख वाचला. गाण्यात श्वास ऐकू आला, की तू 'आजार' असं लिहून मोकळा होतोस. माझं भांडण तिथेच आहे.

क्राफ्टवर्क या जर्मन बँडचं १९८३ चं 'तूर द फ्रान्स' हे सायकल शर्यतीवरचं गाणं लाव. धापा त्यातही आहेत, पण सायकलस्वाराच्या. प्रत्येक धाप ठेक्यावर पडते आणि ऐकताना आपल्याच पायांत जोर येतो. लॉरी अँडरसन या अमेरिकन कलावतीच्या १९८१ च्या 'ओ सुपरमॅन' गाण्यामध्ये 'हा' एवढं एकच अक्षर फिरत राहतं. त्यात सोडलेला श्वास आहे, घेतलेला नाहीच. तिथे आजारी माणूस आठवत नाही, न थकणारं काहीतरी आठवतं. मला तर त्याचीच जास्त भीती वाटते.

मग आजार कुठे असतो? बहुतेक वेळा लयीत. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो आणि त्याच्या ते गावीही नसतं. दम्यात श्वासनलिका आकसतात, हवा बाहेर पडायला वेळ लागतो, उच्छ्वास लांबतो, शिट्टी वाजते. सिंथवर, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या सिंथेसायझरवर, हे करून बघ की. व्हाइट नॉइज, म्हणजे एकसारखा 'श्श' आवाज घे, त्यातल्या काही पट्ट्या गाळणारा फिल्टर लाव आणि फिल्टरची उघडमीट एलएफओवर, म्हणजे संथ लयीत फिरणाऱ्या लहरीवर सोपव. तिचा वेग ०.२५ हर्ट्झ, म्हणजे चार सेकंदांना एक फेरी, ठेवलास तर मिनिटाला १५ श्वास होतात, गाढ झोपलेल्या माणसासारखे. आता उच्छ्वास ताण आणि पुढचा श्वास मधूनच जरा उशिरा येऊ दे. ऐकणाऱ्याचाच दम अडकतो. हा उशीर नेमका कुठे होतो, ते लेखात यायला हवं.

जपानी संगीतकार रियुइची साकामोतोंबद्दल तू त्यांच्या मृत्यूपासून उलटं लिहीत गेलास. कर्करोगाच्या काळातला त्यांचा '१२' हा अल्बम जानेवारी २०२३ मध्ये आला, मार्चमध्ये ते गेले, हे खरं. पण माइक जवळ असला की धडधाकट वादकाचाही श्वास ऐकू येतो. '१२'मधला श्वास पियानोच्या सुरांशी कसा वागतो, बरोबर चालतो की मागे राहतो, ते आधी ऐक. चरित्र नंतर.

आणि तू तर सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलास! सूतगिरणीतल्या कापसाच्या धुळीने बिसिनोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो; सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते. यंत्राचा ठेका चुकत नाही, शेजारच्या माणसाच्या श्वासाचा चुकतो. हे दोन ठेके एकत्र ऐकलेला कान तुझ्याकडे आहे, आणि लेखात त्याचा मागमूस नाही.

शेजारच्या काकांचा श्वास रेकॉर्ड करायचा म्हणतोस, तर आधी त्यांना विचार. कशासाठी तेही सांग. ते हो म्हणाले तर माइक तोंडासमोर धरू नकोस, हवेचा फटका बसतो. हनुवटीच्या बाजूला, वीतभर लांब ठेव.