जुन्या एमजीबी स्पोर्ट्स कारला सस्पेन्शनचे बुश रबरचे बसवावेत की पॉलियुरेथेनचे?

आपल्या १९७१ च्या एमजीबी रोडस्टरचा पुढचा भाग खड्ड्यांतून जाताना खडखडतो, वळणावर गाडी सैल वाटते आणि गॅरेजवाले पॉलियुरेथेनचा पूर्ण सेट बसवा म्हणतात, तर काय करावे, असे आपण विचारले आहे. गाडी रविवारी पहाटे दादरहून मरीन ड्राइव्हपर्यंत आणि अधूनमधून लोणावळ्याला जाते, असेही आपण लिहिले आहे. अशा वापरासाठी पूर्ण सेट बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यात बसणारी, दणका शोषणारी गादी; पॉलियुरेथेन हे रबरापेक्षा कडक प्लास्टिक. कोणता बुश कोणत्या दिशेने हलतो हे पाहून प्रत्येक जागेचा निर्णय वेगळा घ्यावा.

पुढच्या लोअर विशबोनचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचे, आतले बुश सर्वांत आधी पाहावेत. मूळ रचनेत आर्मच्या टोकाच्या भोकात रबरी बुशचे दोन अर्धे भाग समोरासमोर बसतात. इंजिनाचे आणि लीव्हर डॅम्परचे (तेल भरलेल्या जुन्या पद्धतीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे) तेल पाझरून त्यांच्यावर उतरते आणि तेल लागले की नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते. असा बुश काढला की त्याची कड छत्रीसारखी बाहेर पसरलेली असते, बोटांना चिकट काळे लागते आणि आतली पिन (बुश ज्यावर फिरतो तो दांडा) एकाच बाजूने घासून चकचकीत झालेली दिसते. पिनेला नखाला जाणवेल इतकी पायरी पडली असेल तर तीही बदलावी, कारण तशा पिनेवर कितीही चांगला बुश घातला तरी तो टिकत नाही.

या जागेसाठी मी एमजीबी जीटी व्ही८ चा, म्हणजे याच गाडीच्या आठ सिलिंडरच्या मॉडेलचा, बुश सुचवतो. ते मॉडेल १९७३ ते १९७६ या काळात बनले आणि त्याचा बुश आपल्या गाडीच्या आर्ममध्ये बसतो. त्यात आत आणि बाहेर धातूची नळी असून मधले रबर दोन्हींना पक्के चिकटवलेले असते, त्यामुळे गाडी चालवताना नेमकेपणा येतो आणि खड्ड्याचा दणका शोषणारे रबरही कायम राहते. बसवताना हातोडी वापरू देऊ नये, कारण बाहेरची नळी वाकडी होते. जवळच्या लेथवाल्याकडे प्रेसवर काम करून घ्यावे. प्रेस नसेल तर लांब बोल्ट, जाड वॉशर आणि योग्य मापाचे सॉकेट लावून बुश हळूहळू आत ओढता येतो. पिनेचे नट मात्र गाडी चाकांवर उभी करून, तिचे वजन सस्पेन्शनवर आल्यावरच शेवटचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो.

मागच्या बाजूला तर पॉलियुरेथेनचा आग्रह धरणे मला चुकीचेच वाटते. एमजीबीला मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल आणि दोन्ही बाजूंना पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत. वळणावर गाडी झुकली किंवा एकच चाक खड्ड्यात गेले की अ‍ॅक्सल तिरका होतो आणि पाट्यांची टोके नुसती फिरत नाहीत, तर पिळलीही जातात. रबर हा पीळ सहज सोसते. कडक पॉलियुरेथेन त्याला विरोध करते, त्यामुळे मागचा भाग गरजेपेक्षा ताठ होतो आणि ओल्या रस्त्यावर तो घसरण्याची शक्यता वाढते. शिवाय या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही. दणका थेट बॉडीच्या पत्र्यात जातो आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत पन्नास वर्षांहून जुना पत्रा आधीच गंजाशी झुंजत असतो. शॅकलला, म्हणजे पाट्याचे टोक बॉडीला जोडणाऱ्या कडीला, साधे, पण ताजे रबर घालावे.

अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे झुकणे कमी करणारी दांडी) असेल तर तिथे पॉलियुरेथेन जरूर वापरावे. ते घेताना ईथर प्रकारचे आहे का, हे विचारावे, कारण एस्टर प्रकारचे पॉलियुरेथेन उष्ण, दमट हवेत पाण्यामुळे हळूहळू विघटित होते आणि आपल्याकडचा पावसाळा जून ते सप्टेंबर चालतो. पॉलियुरेथेन आपल्या जागेत सरकत काम करते, म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागते, नाहीतर करकरते. रबराला मात्र साधे ग्रीस कधीही लावू नये. बसवताना साबणाचे पाणी पुरते.

खरेदीबद्दल थोडे. चोर बाजारात मूळ वेष्टनातला न वापरलेला माल दिसला की मोह होतो, पण रबर वेष्टनातही म्हातारे होते. दाबून, वाकवून पाहावे; बारीक तडे दिसले तर तो परत ठेवावा. लेथवर नायलॉनचे बुश करून देतो म्हणणारेही भेटतील. त्यांना नम्रपणे नकार द्यावा, कारण नायलॉन ओलावा शोषून फुगते आणि दणका अजिबात गिळत नाही.

हे सारे करण्यापूर्वी पुढची चाके जॅकवर उचलून, वर-खाली धरून हलवून पाहावीत. खडखड किंगपिनमधूनही (पुढचे चाक ज्यावर वळते त्या पिनेतूनही) येत असू शकते आणि तिथे ग्रीस निपल (ग्रीस भरण्याची तोंडे) प्रत्येक बाजूला तीन असूनही अनेक गॅरेजांत एखादे विसरले जाते. काम झाल्यावर अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) करून घ्यावे. या गाडीत कॅम्बर-कॅस्टर (चाकाच्या व किंगपिनच्या कलण्याचे कोन) बदलता येत नाहीत, फक्त टो-इन (चाके पुढून किंचित आत वळलेली असणे) दीड ते सव्वादोन मिलिमीटरच्या दरम्यान आणायचे असते, म्हणून तेवढ्याचेच पैसे द्यावेत.