मेतकूट, मिलो आणि ओवीची चानकी

"बाहेर जेवायला जाणं आम्ही बंदच केलंय." हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी किती आयांच्या तोंडून ऐकलं, मोजलेलं नाही. मूल दोन-अडीच वर्षांचं असतं. सीलिॲक, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेन ह्या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार, असल्याचं नुकतंच कळलेलं असतं. गहू, जव, राय (गव्हासारखंच एक धान्य) बंद, आणि तेही जन्मभर. डॉक्टर समजावून सांगतात, आहारतज्ज्ञ तक्ता देतात आणि मग ही मंडळी माझ्याकडे, समुपदेशकाकडे, एकच प्रश्न घेऊन येतात: हॉटेलात, लग्नात, वाढदिवसाला ह्याला न्यायचं कसं?

मी हल्ली लगेच उत्तर देत नाही. आधी विचारते, घरी कोण कोण असतं? ही सवय मला ओवीच्या घराने लावली. नावं अर्थातच बदललेली आहेत.

ओवीची आई, स्नेहा, पहिल्यांदा आली ती हॉटेलातला एक प्रसंग मनात घेऊनच. उडुपी हॉटेलात बसले होते. शेजारच्या टेबलावर पुरी आली, ओवीने हात पुढे केला, स्नेहाने धरला, ओवीने भोकाड पसरलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "द्या हो एक तुकडा, लेकरू बघतंय." स्नेहा ऑर्डर तशीच टाकून बाहेर पडली.

"लोकांना कसं सांगू?" ती म्हणाली. मग पर्समधून एक रिपोर्ट काढला. पथ्य सुरू होऊन सहा महिने झाले होते, तरी रक्तातला आकडा हवा तेवढा उतरला नव्हता. कुठून तरी गहू पोटात जातोय, असं डॉक्टरांचं म्हणणं. "कुठून ते मला माहितीये," ती हळूच म्हणाली.

"सासूबाई?" मी विचारलं.

हा शब्द मी तिच्या तोंडात घालायला नको होता. इतकी वर्षं ह्या खुर्चीत बसूनही जीभ कधीकधी पुढे धावते. स्नेहा रडायला लागली आणि पुढचा पाऊण तास फक्त सासूबाईंवर गेला. "एका घासाने काय होतंय" म्हणतात. "आमच्या वेळी नव्हती असली खुळं" म्हणतात. नवरा, निखिल, मधे पडत नाही.

माझा पिंड कुटुंबाकडे बघण्याचा. दुखणं एकाच्या पोटात असलं तरी पथ्य घरभर असतं, त्यामुळे एकट्या आईला समोर बसवून फार काही साधत नाही. ज्यांना हे पटत नाही असे माझे सहकारी आहेत, असोत. मी निरोप धाडला, की माईंना, म्हणजे सासूबाईंना, घेऊन या, मला त्यांच्याकडून भाकरी आणि आंबिलीबद्दल विचारायचंय. निरोपात खोटं काही नव्हतं. त्या घरात बिनगव्हाचा स्वयंपाक सगळ्यात जास्त त्यांनाच येत असणार, हे उघड होतं.

पहिल्या बैठकीत माई फारसं बोलल्या नाहीत. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, "माई, ओवीला आता रोज ज्वारीची भाकरी. तुमच्या हातची असेल तर काय हवं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई, तुम्ही भाकरीवर वाढलात का पोळीवर?"

"पोळीवर."

"मग तुम्हाला नाही कळायचं."

आणि मग त्या बोलायला लागल्या. बीडकडचं खेडं. १९७२ चा दुष्काळ, तेव्हा माई नऊ वर्षांच्या. आईबाप खडी फोडायला. रेशनवर मिलो मिळायचा, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, गिळताना घशात अडकायची. गव्हाची पोळी सणाला, तीही आधी पाहुण्याच्या ताटात. "तवाच ठरवलं, माझ्या लेकरांच्या ताटात रोज पोळी असंल. निखिलला शाळेच्या डब्यात मी एकदाबी भाकरी दिली नाही." घरातल्या बोलीत आल्या होत्या त्या. "आन् ही नात. सून कामावर गेली की पोळी कुस्करायची, तूप-गूळ घालून लाडू वळायचा. ती तोंड फिरवायची. तरी चिऊ-काऊ करून भरवायचे. अंगाला लागावं म्हणून." थांबल्या. "तेच बाधलं तिला."

मी काही बोलले नाही. निखिलने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. त्या खोलीत पहिल्यांदाच सगळे एकाच माणसाकडे बघत होते.

आजवर अशा आज्यांना मी मनातल्या मनात 'हट्टी' म्हणून बाजूला ठेवत आले होते, हे कबूल करते. त्या दुपारी कळलं ते वेगळंच होतं. माईंसाठी पोळी म्हणजे दुष्काळावर मिळवलेला विजय होता. नातीला भाकरी देणं म्हणजे पन्नास वर्षं मागं जाणं. शिवाय हा आजार खरा मानायचा, तर आपल्याच हातांनी, गोष्टी सांगसांगून, तो घास आपण भरवला हेही मानावं लागत होतं. त्यापेक्षा "असलं काही नसतंच" हे म्हणणं सोपं. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

मी त्यांना विलेम कारेल डिके ह्या डच बालरोगतज्ज्ञाची गोष्ट सांगितली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या शेवटी, नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. माणसं भुकेने मरत होती, आणि ह्याच आजाराची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. डिकेंना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९५० मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला.

माई ऐकत होत्या. "म्हंजे त्या पोरांच्या आयाबी पावच भरवत होत्या?"

"हो. आणि तेही डॉक्टरांच्या देखत."

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग स्नेहाकडे वळून म्हणाल्या, "कळल्यावर दोनदा दिला गं लाडू. तिनंच मागितला म्हणून. दोन महिने झाले, नाही दिला." ह्यानंतर स्नेहा भडकेल असं मला वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "मग आकडा?"

तेव्हा मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. ओवी रोज काय खाते? स्नेहाने यादी सांगितली: नाचणीचं सत्त्व, वरण, मऊ भात-तूप-मेतकूट...

"मेतकुटात गहू असतो की," माई म्हणाल्या. "मूठभर घालतात."

मेतकूट स्नेहाच्या माहेरून येत होतं. तिच्या आईच्या हातचं, रोज रात्री, स्नेहाच्याच हातून. त्या खोलीत आता दोन बायका होत्या, ज्यांनी प्रेमाने तेच केलं होतं. माईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला त्यात काही करावं लागलं नाही, आणि ह्या बैठकीचा मला अजून थोडा अभिमान वाटतो तो त्यामुळेच.

पुढची कामं माईंनीच वाटून घेतली. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की पिठात गहू येतोच, म्हणून घरघंटी आणली आणि तिच्यात गहू टाकायचा नाही असं फर्मान काढलं. आख्खी ज्वारी आणून सुपात निवडायला घेतली. एकदा कागदाच्या पुडीत तीन गव्हाचे दाणे मला दाखवायला घेऊन आल्या. तवा, पोळपाट, लाटणं, कणीक मळायची परात वेगळी झाली.

इतर घरांसाठी, ह्या अनुभवातून आलेलं थोडं सांगते. बाजारातल्या बहुतेक बांधणीच्या, म्हणजे पीठ मिसळून केलेल्या, हिंगात गव्हाचं पीठ असतं, डबीवर लिहिलेलंही असतं. खपली गहू हा गहूच आहे. 'देशी, पचायला हलका' म्हणून सीलिॲकच्या मुलाला तो चालत नाही. सातूचं पीठ, रवा, शेवया, दलिया, माल्ट घातलेली दुधातली पावडर, सोया सॉस, सगळं बघून घ्यायचं. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेचा, नियम आहे. आणि एक कळकळीची विनंती: मुलाचं पोट बिघडतंय म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नका. मग रक्ताची तपासणी आणि आतड्याच्या तुकड्याची तपासणी (बायॉप्सी), दोन्ही फसव्या निघू शकतात. निदान पक्कं झालं, की भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करून घ्या.

हॉटेलात "ग्लूटेन आहे का?" विचारलं तर वेटर नाही म्हणून मान हलवतो, कारण त्याला तो शब्दच माहीत नसतो. "ह्यात गहू, मैदा, रवा आहे का? त्याच तव्यावर रवा डोसा होतो का? त्याच तेलात समोसे तळता का?" असं विचारा. हे वैद्यकीय अर्थाने ॲलर्जी नव्हे, पण 'ॲलर्जी आहे' म्हटलं की स्वयंपाकघर जागं होतं, तर खुशाल म्हणा. गर्दीच्या आधी जा. पोट अर्धं भरून जा, डबा सोबत असू द्या.

मुलाशी काय बोलायचं, ह्याला आया जास्त घाबरतात. पोळीला 'घाण', 'छी' म्हणू नका. घरात बाबा तीच खातात. अडीच वर्षांच्या मुलाला कारण कळत नाही, रीत मात्र पक्की कळते. ओवीच्या घरची रीत एवढीच: खायचं ते पिवळ्या डब्यातलं, दुसऱ्याचं हवं असेल तर आधी विचारायचं. रडली तर रडू द्यायचं, कडेवर घ्यायचं, आणि 'बिचारी' हा शब्द तिच्यासमोर कोणी काढायचा नाही. हा शेवटचा नियम मोठ्यांना सगळ्यात जड गेला.

चार महिन्यांनी आकडा चांगला खाली आला आणि ते चौघं पुन्हा त्याच उडुपी हॉटेलात गेले. पुढचं स्नेहाने मला सांगितलं. माईंनी मॅनेजरला बोलावून हिंगाची डबी आणायला लावली. चष्मा लावून वाचलं. "सांबार नको. इडली द्या, वरण आमचं आहे." ओवीच्या पिवळ्या डब्यात माईंनी थापलेली चानकी होती, तळहाताएवढी ज्वारीची भाकरी, वर लोणी. थोड्या वेळाने शेजारच्या टेबलावरचा मुलगा खुर्चीवरून उतरून येऊन उभा राहिला. त्याला चानकी हवी होती.

"मग दिली?" मी विचारलं.

"माईंनी अर्धी दिली. त्याच्या आईला आधी विचारून."