रेडिएशन आणि कॅन्सरवर संशोधन करणारी माणसं आयुष्यभर नेमकं काय करतात?

तुम्ही विचारलंय की, मुलगी मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी करतेय, तिला रेडिएशन बायॉलॉजीत जायचंय, पण किरणांनी तर कॅन्सर होतो, मग त्यात संशोधन कसलं करतात? बावीस वर्षं मी हेच करतेय, म्हणून लिहिते.

किरणांनी कॅन्सर होतो हे खरं, आणि किरणांनीच तो मारतातही. दोन्हीकडे तुटतो तो डीएनए. पेशी मेली तर तो उपचार, आणि चुकीची सांधून जगली तर पुढे तीच कॅन्सरचं बी ठरू शकते. कोण मरतं, कोण वाचतं आणि का, एवढ्याच प्रश्नावर आमची पोटं चालतात.

आमच्या गावाकडे रेडिओथेरपीला कोणी ‘लाइट’ म्हणतं, कोणी ‘शेक’. शेक म्हटलं की मला हसू येतं, कारण यात ऊब अशी नसतेच. किरणांचा डोस ‘ग्रे’ या एककात मोजतात, म्हणजे दर किलो अंगात किती ऊर्जा शिरली ते. सगळ्या अंगावर एकदम ४ ग्रे डोस पडला आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतील. पण त्याने अंग तापतं अंशाच्या हजाराव्या भागाएवढं. सत्तर किलोच्या माणसात शिरलेली ती सगळी ऊर्जा गरम चहाच्या एका चमच्यातही मावेल. फक्त ती चहासारखी पसरत नाही, ठिकठिकाणी ठिणग्यांसारखी पडते. १ ग्रेमध्ये एका पेशीच्या डीएनएचा एक धागा हजारेक ठिकाणी तुटतो, ते पेशी सहज सांधते. दोन्ही धागे एकाच जागी तुटले, असं तीस-चाळीस ठिकाणी होतं, तिथे मात्र तिची कसोटी लागते.

‘ग्रे’ हे एका माणसाचं आडनाव. लुई हॅरॉल्ड ग्रे केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ, १९३३मध्ये लंडनजवळच्या माउंट व्हर्नन हॉस्पिटलात आले. वेगवेगळ्या किरणांचा जिवंत पेशींवर काय परिणाम होतो, हे ते ब्रॉड बीनच्या कोवळ्या मुळांवर तपासायचे. १९५३मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला जवळजवळ तिप्पट डोस लागतो. १९५५मध्ये त्यांचे सहकारी टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या गाठींचे काप पाहिले. गाठीत पेशी दोरासारख्या वाढलेल्या होत्या. दोर कितीही जाड असला, तरी जिवंत पेशींची कड सुमारे १८० मायक्रॉनचीच, म्हणजे दोनेक केसांच्या जाडीएवढी, आणि आत सगळं मेलेलं. ऑक्सिजन तेवढाच आत पोचतो. मेलेल्याच्या सीमेवर ज्या अर्धमेल्या पेशी गुदमरत तग धरून असतात, त्या किरणांना दाद देत नाहीत. सगळ्या अंगावर नाही, फक्त गाठीच्या जागी, रोज २ ग्रे असं सहा-सात आठवडे का देतात, एकदम का नाही, असं नातेवाईक विचारतात. त्याचं एक कारण या पेशी: बाहेरच्या मेल्या की आतल्यांना ऑक्सिजन मिळतो आणि त्या तावडीत येतात. दुसरं, मधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःला सावरतात.

माझी पीएचडी याच गुदमरलेल्या पेशींवर होती. पेशी डिशमध्ये वाढवायच्या, हवा काढून नायट्रोजन भरायचा, गॅमा चेंबरमध्ये, म्हणजे गॅमा किरण देणाऱ्या बंद यंत्रात, २, ४, ६, ८ ग्रे द्यायचे, मग बारा-चौदा दिवस थांबून कॉलन्या मोजायच्या. कॉलनी म्हणजे वाचलेल्या एका पेशीपासून वाढलेला पुंजका, पन्नास पेशींचा झाला तरच तो मोजायचा. आठ महिने मोजल्या आणि माझे दोन आलेख, हवेतला आणि बिनहवेतला, एकमेकांना चिकटूनच राहिले. गाइड म्हणाले, ‘ग्रे चुकला की तू?’ मी नळ्या बदलल्या, सिलिंडर बदलला, एकदा तर रडलेही. शेवटी कळलं की डिश प्लास्टिकच्या होत्या. प्लास्टिकमध्ये ऑक्सिजन मुरलेला असतो आणि तो हळूहळू पेशींना मिळत राहतो. काचेच्या डिश घेतल्या आणि तीन आठवड्यांत आलेख फाकले. आठ महिन्यांचं काम प्रबंधात दीड ओळीत आलं.

तुमची खरी काळजी किरणांची असेल. छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते नोंदवणारा बिल्ला, लावावा लागतो, दर तीन महिन्यांनी त्याचं वाचन होतं. कामगारांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (माणसाला होणाऱ्या अपायाच्या हिशेबाने डोस मोजण्याचं एकक) आहे, माझं वाचन बहुतेक वेळा शून्यच येतं. मला विचाराल तर या पेशात जास्त काळजी वयाची करावी. नेटची परीक्षा, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती, पीएचडीची पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम. मला पक्की नोकरी छत्तिसाव्या वर्षी लागली, तोवर आई दर दिवाळीला ‘अजून शिकतेयस का?’ विचारायची.

मुलीला फिजिक्स टाळू देऊ नका, मायक्रोबायॉलॉजीची पोरं तिथेच अडतात. उन्हाळ्यात एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिने नुसत्या कॉलन्या मोजायला पाठवा. तिसऱ्या आठवड्यातही ती एखाद्या प्लेटवर अडून ‘हिच्यात एवढ्या का वाचल्या?’ विचारत असेल, तर अर्ज भरा. तसं नसेल तर मायक्रोबायॉलॉजीत पुष्कळ बऱ्या नोकऱ्या आहेत.