बोर्बन हे राजाचं आडनाव, व्हिस्की की बिस्किट? यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे की फ्रान्सचं बूर्बाँ राजघराणं, अमेरिकेतली बोर्बन व्हिस्की आणि आपल्या चहाबरोबरचं बोर्बन बिस्किट यांचं नातं आहे, की नावं योगायोगाने जुळली आहेत. नातं आहे. व्हिस्कीच्या बाबतीत थोडा वाद आहे, तो पुढे सांगते. पण सगळ्यांचं मूळ एका गावात आहे आणि ते गाव राजघराण्याहून खूप जुनं आहे.

मी फ्रेंच शिकवते. आडनावांचा विषय निघाला की पहिल्यांदा 'द' हा छोटा शब्द समजावून सांगते. 'द बूर्बाँ' म्हणजे बूर्बाँचा. मराठी मुलांना याहून जास्त सांगावं लागत नाही, कारण आपल्याकडे 'कर' आहेच. युरोपातलं एवढं मोठं राजघराणं, पण नावापुरतं ते बूर्बाँकर.

हे गाव म्हणजे मध्य फ्रान्समधल्या आलिए जिल्ह्यातलं बूर्बाँ-लार्शांबो. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि रोमन काळापासून लोक तिथे अंग शेकायला जातात. त्याही आधी त्या भागातले गॉल लोक बोर्वो नावाच्या देवाला भजत. खदखदून वर येणाऱ्या पाण्याचा हा देव, आणि त्याच्यावरूनच गावाचं नाव पडलं असं मानतात. फ्रान्समध्ये बूर्बाँ-लांसी आणि बूर्बॉन-ले-बँ अशी आणखी दोन गावं आहेत आणि दोन्हीकडे गरम झरे आहेत. कोकणातलं उन्हवरे किंवा पालीजवळचं उन्हेरे आठवा, म्हणजे पाण्यावरून गावाला नाव कसं पडतं ते लगेच कळेल.

आता या गावाचं नाव राजाला कसं लागलं? 1272 मध्ये फ्रान्सचा राजा नववा लुई याचा धाकटा मुलगा रोबेर याचं लग्न बेआत्रिसशी झालं. बूर्बाँची जहागीर बेआत्रिसला तिच्या आईकडून मिळाली होती. म्हणजे पुढे ज्या नावाने युरोप गाजवला ते नाव आईकडून लेकीला आणि लेकीकडून तिच्या मुलांना मिळालं. वर्गात मी हे मुद्दाम सांगते, कारण वंशावळीच्या तक्त्यात बेआत्रिसचं नाव एका कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. 1327 मध्ये तिच्या मुलाला ड्यूक ही पदवी मिळाली. मग अडीचशेहून अधिक वर्षं घराणं मोठं असूनही सिंहासनापासून दूरच होतं. 1589 मध्ये आधीची शाखा निपुत्रिक संपली आणि चौथा आंरी हा पहिला बूर्बाँ राजा झाला. व्हर्सायवाला चौदावा लुई त्याचा नातू. 1700 मध्ये चौदाव्या लुईचा नातू स्पेनच्या गादीवर गेला, तिथे नावाचं 'बोर्बोन' झालं. स्पेनचे आजचे राजे सहावे फेलिपे त्याच वंशातले. इटलीत नेपल्सच्या गादीवर 1734 पासून हेच नाव 'बोर्बोने' म्हणून नांदलं.

या कहाणीत मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो सोळाव्या लुईचा खटला. राजाला रूढ अर्थाने आडनाव नसतंच, नुसतं नाव पुरतं. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या क्रांतिकारकांना मात्र त्याच्यावर सामान्य नागरिक म्हणून खटला चालवायचा होता आणि नागरिकाला आडनाव हवं. म्हणून त्यांनी आठ शतकांपूर्वीच्या एका पूर्वजाचं उपनाव काढलं आणि त्याला 'लुई कापे' म्हणायला सुरुवात केली. हे माझं नाव नाही, पूर्वजाचं आहे, अशी हरकत त्याने घेतली होती. 21 जानेवारी 1793 रोजी त्याला गिलोटिनखाली मारलं. आज फ्रान्सच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह ज्या वास्तूत बसतं, तिचं नाव मात्र अजूनही बूर्बाँ प्रासाद असंच आहे.

अमेरिकेला हा राजा वेगळ्या कारणाने आठवतो. इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात त्याने पैसा, जहाजं आणि सैन्य दिलं. म्हणून आजच्या केंटकीतल्या लुईव्हिलला त्याचं नाव मिळालं आणि 1785 मध्ये तिथल्या एका काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, बूर्बाँ घराण्याचं. त्या काउंटीच्या मुख्य गावाचं नाव पॅरिस! मक्याच्या व्हिस्कीला 'बर्बन' हे नाव याच काउंटीवरून मिळालं असं बहुतेक सांगतात. काहींच्या मते ते न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवरून आलं, कारण ही व्हिस्की नदीमार्गे तिथे विकायला जाई. हा रस्ता फ्रेंचांनी 18व्या शतकात आखला आणि त्याला राजघराण्याचं नाव दिलं. म्हणजे कुठलीही बाजू घेतलीत तरी तुम्ही त्याच घराण्यापाशी येता.

बिस्किटाचं थोडक्यात सांगते. लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने ते 1910 मध्ये काढलं, तेव्हा नाव होतं 'क्रिओला'. पुढे राजघराण्याचं भारदस्त नाव दिलं गेलं. त्यात व्हिस्कीचा थेंबही नसतो. घरातली मोठी माणसं या शंकेने ते बाजूला ठेवत असतील तर त्यांना निर्धास्तपणे खाऊ द्या.

भारतातला धागा भोपाळचा आहे. तिथे बोर्बन नावाचं एक ख्रिस्ती घराणं पिढ्यान्‌पिढ्या आहे. अकबराच्या काळात आलेल्या एका फ्रेंच राजपुत्राचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा. या राजपुत्राबद्दलचा ठोस पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. 19व्या शतकाच्या सुरुवातीला याच घराण्यातला बाल्थाझार, ज्याला लोक शाहजाद मसीह म्हणत, भोपाळ दरबारात मोठ्या पदावर होता, एवढं मात्र पक्कं आहे.

आता बेट. मला विचाराल तर या नावाची खरी गोष्ट तिथेच आहे. हिंदी महासागरातल्या आजच्या रेयुनियों बेटाला 1649 मध्ये फ्रेंचांनी 'इल बूर्बाँ' नाव दिलं. क्रांतीत ते पुसून 'रेयुनियों' केलं, नेपोलियनच्या काळात 'बोनापार्त' केलं. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकून पुन्हा बूर्बाँ केलं. त्या इंग्रजी फौजेत मुंबई आणि मद्रास इलाख्यातले देशी शिपाईही होते. 1848 मध्ये नाव कायमचं रेयुनियों झालं. पण तोवर बेटाचं नाव तिथल्या पिकांना चिकटून जगभर गेलं होतं. येमेनहून आणलेली कॉफी तिथे रुजली, तिचा 'बोर्बन' हा वाण आजही लावतात. गुलाबाच्या एका जातीलाही हेच नाव आहे.

आणि व्हॅनिला. मेक्सिकोतून आणलेले वेल बेटावर वाढत, फुलत, पण शेंग धरत नसे. फूल जेमतेम एक दिवस टिकतं आणि मेक्सिकोत परागीभवन करणाऱ्या मधमाश्या इथे नव्हत्या. 1841 मध्ये एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग दाबून बसवले. शेंग धरली. त्याला ही युक्ती दाखवायला एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर नेऊ लागले आणि बेटाचं नशीब पालटलं.

या मुलाला आडनाव नव्हतं. गुलामांना ते नसेच. 20 डिसेंबर 1848 रोजी बेटावरची गुलामगिरी संपली, तेव्हा साठ हजारांच्या आसपास मुक्त झालेल्या माणसांची आडनावं वह्यांमध्ये प्रथमच लिहिली गेली. एदमोंच्या नावापुढे 'अल्बियस' लिहिलं, लॅटिनमधल्या 'पांढरा' या शब्दावरून. काळ्या मुलाला हे नाव ज्याने दिलं त्याच्या मनात काय असेल, हे मला वाचताना नेहमी सलतं. बेटाला लाखोंचं उत्पन्न मिळवून देणारा हा माणूस 1880 मध्ये गरिबीत वारला.

मादागास्कर, कोमोरो आणि रेयुनियोंच्या शेंगा आजही 'बूर्बाँ व्हॅनिला' म्हणून विकल्या जातात. तिथे अजून प्रत्येक फूल हातानेच, एदमोंच्या त्याच पद्धतीने फळवतात, आणि हे काम सकाळी, फूल मिटायच्या आत उरकावं लागतं.