डॉक्टरकी सोडून ग्लोबल हेल्थमध्ये जाऊ का?

तू लिहिलंयस की मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, तुम्ही काही जण मिळून ज्युनियर्ससाठी आरोग्यातली विषमता आणि अ‍ॅडव्होकसी (म्हणजे धोरण बदलावं म्हणून केलेला पाठपुरावा) यावर सेशन्स घेणार आहात, आणि त्यात मन इतकं रमलंय की डॉक्टरकी सोडून हेच करावंसं वाटतंय, पण बाबा म्हणतात ही कामं कार्यकर्त्यांची, डॉक्टरांची नाहीत.

बाबांना रुडॉल्फ विर्शो या जर्मन डॉक्टरबद्दल सांग. पॅथॉलॉजीत ज्याचा ट्रायड (रक्ताची गुठळी होण्याची तीन कारणं) पाठ केलास तोच. १८४८ मध्ये अप्पर सायलेशियात (तेव्हा प्रशियात, आज बहुतांश पोलंडमध्ये) टायफसची, म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या तापाची साथ चालू होती, प्रशियाच्या सरकारने त्याला तिकडे पाठवलं, वय अवघं २६, आणि परत येऊन त्याने उपाय काय सांगितले तर शिक्षण, रस्ते, लोकांच्या हातात कारभार. म्हणजे हे डॉक्टरचंच काम आहे, आणि जुनं आहे.

पण डॉक्टरकी सोडू नकोस. हे मी अगदी ठामपणे सांगतेय, कारण तुझ्या बोलण्याला वजन येणार ते वॉर्डात पाहिलेल्या पेशंटमुळेच.

आता सेशन्सचं. जगाचे नकाशे आणि आकडे दाखवत बसू नका, तासाभरात सगळे विसरतात. एकच केस घ्या. औषधांना दाद न देणारा टीबी झालेली तरुणी, इंजेक्शनांनी कान गेलेत. का? कारण जुनी इंजेक्शनंच दिली गेली. बेडाक्विलिन या नव्या औषधाच्या गोळ्या का नाही मिळाल्या? तेव्हा महाग होत्या. महाग का? तेव्हा पेटंट होतं. प्रत्येक 'का'पाशी थांबून मुलांना विचारा की इथे निर्णय कोणाच्या हातात आहे, आणि शेवटी त्या माणसाला एक पानी पत्र लिहायला लावा, खरंखुरं, पाठवता येईल असं. ही केस मी मनाने रचलेली नाहीये, खऱ्या माणसांवरून घेतलीये: आपल्याकडची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले, टीबीच्या उपचारात दोघींची श्रवणशक्ती गेली, आणि त्यांनी २०१९ मध्ये भारतात या गोळीची मक्तेदारी २०२७पर्यंत लांबवणाऱ्या पेटंट अर्जाला हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला!! अ‍ॅडव्होकसी म्हणजे नुसत्या घोषणा नाहीत हे मुलांना यातून जेवढं कळेल तेवढं माझ्या लेक्चरने नाही कळणार.

आणि हो, आजार भोगलेल्या माणसांना बोलवाल तेव्हा 'केस' म्हणून समोर उभं करू नका, शिक्षक म्हणून बोलवा आणि मानधन द्या. परदेशात जाऊन पेशंट तपासायच्या दोन आठवड्यांच्या ट्रिप्सच्या मोहातही पडू नकोस, जी प्रोसीजर करायची तुला इथे परवानगी नाही ती तिथल्या गरीब पेशंटवर करणं हीसुद्धा विषमताच.

करिअरचं म्हणशील तर आधी डिग्री, इंटर्नशिप, मग कम्युनिटी मेडिसिन किंवा पब्लिक हेल्थ, आणि बायोस्टॅट (आरोग्याचं संख्याशास्त्र) आत्तापासूनच मनापासून कर, कंटाळवाणं वाटलं तरी, कारण समोरचा अधिकारी पहिला प्रश्न आकड्यांवरच विचारतो. पहिल्या सेशनची केस लिहून झाली की मला पाठव, मी वाचून कळवते.